दाढेला वाट

पारूचा जबडा पाहून नवखा माणूस जरा दबकायचाच. बाईमाणसाचं इतकं रुंद तोंड त्यानं कुठं पाहिलेलं असणार! कानाखाली हाड असं बाहेर आलेलं, की डोईवरचा पदर तिथंच अडकून राहायचा. चावायला लागली की कानशिलात गोळा वरखाली व्हायचा. पण ती हसली की समोरचा गप्प. पंचावन्न वर्षांची बाई, आणि बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर. वाकडा एक नाही, किडका एक नाही. फक्त वरून झिजून सपाट झालेले, टाकी न लावलेल्या पाट्यासारखे. दाखवायची हौसही दांडगी. कुणी आजारी, दुबळा दिसला की म्हणायची, "अरं, चावून खा की जरा! गिळतोस कशाला कोंबडीवानी?"

कुंभारवाड्याचा डांबरी रस्ता सोडून रानात तासभर चाललं की तिची वाडी येते. सात घरं, खाली भाताची खाचरं, वर जंगल. तिथंच शेजारच्या वाडीत ती जन्मली, इथं दिली गेली, आणि रामनगर, जोयडा यापलीकडं तिचं जग गेलं नाही. लहानपणी घरातला भात आषाढातच संपायचा. मग कंद. परसात पुरलेला कोन नावाचा कंद, माणसाच्या दंडाएवढा. रानातले करांदे, रात्रभर ओढ्याच्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवलेले. चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, नाचणीची जाड भाकरी, खारवलेली सुकी मासळी. हे सगळं चिरून, कुस्करून पोरांच्या तोंडात घालायला आईला वेळ कुठला? ती लावणीच्या चिखलात. पोरांच्या हातात एकेक तुकडा दिला की तिचं काम झालं. पोरं दुपारपर्यंत तोच चघळत बसायची, आणि पोट भरल्याचं समाधान निम्मं तोंडालाच मिळायचं.

त्या घरात एक रीत होती. पोर सतरा-अठराची झाली, मागची अक्कलदाढ वर यायला लागली, हिरडी सुजली, की घरातली थोरली बाई चुलीवरच्या माळ्यावरून सुकवलेल्या कोनाचा तुकडा काढायची. उकडून, उन्हात वाळवून, वर धुरात टांगलेला हा तुकडा लाकडासारखा टणक होतो. तो त्याच बाजूला धरून चावायचा. दुखतं? दुखू दे. रडायचं असेल तर रड, पण चाव. तीन दिवसांत हिरडी फुटायची, दाढ वर दिसायची आणि सूज उतरायची. याला म्हणायचे दाढेला वाट देणं. पारूला तिच्या आज्जीनं दिली. पुढं सासरी आल्यावर अख्ख्या वाडीला पारू देऊ लागली. शेजारची सोनिया, नात्यानं तिची जाऊ, तिची दाढसुद्धा पारूनंच वर काढलेली. वैदू नव्हती, मंत्रतंत्र नव्हता, तरी दाढ म्हटलं की माणूस पारूच्या दारात. एकाही दाढेनं आजवर तिला खोटं पाडलं नव्हतं, हे मात्र खरं.

असल्या बाईनं आपल्या लेकीला मऊ का वाढवावं? त्यालाही कारण आहे.

वीस वर्षांमागं पारू कोन विकायला रामनगरच्या बाजारात गेली होती. पोटात पाच महिन्यांचं मूल. ऊन झालं म्हणून दुकानाच्या कडेला सावलीत बसली आणि सोबत आणलेला उकडलेला कंद खायला लागली. दुकानाची मालकीण, चांगली गोरीपान, गळाभर सोनं घातलेली, नोकराला म्हणाली, "बघ बघ, गड्डे उकरून खाऊन खाऊन ह्यांची तोंडंबी रानडुकरागत झाल्यात." बाजार हसला. पारूच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. जबड्यावर पदर ओढून ती तशीच बसून राहिली, आणि उरलेला माल मिळेल त्या भावाला देऊन उठली. घरी येताना बसमध्ये तिनं मनाशी ठरवलं: पोटातलं हे लेकरू गड्डा खाणार नाही. याला कुणी डुक्कर म्हणणार नाही.

आणि बोलल्यासारखी वागली, हो! थोरला नागराज घरच्या रांगड्या खाण्यावर वाढलेला, बापासारखा दणकट, आता गोव्यात कामाला. पण रक्षिताला पहिल्या दिवसापासून मऊ भात, दूध, दुधात बुडवलेली बिस्किटं. पाव मिळाला तर पाव. भाकरी दिली तर कालवणात भिजवून, लोण्यागत करून. कंद कधी हट्टानं मागितलाच तर पारू तो ठेचून गूळ घालून चमच्यानं भरवायची. नवरा महाबळेश्वर कधी कधी चिडायचा. "अगं, पोरगी हाय का पाव्हणी?" म्हणायचा. पारू म्हणायची, "माझी पोर हाय, मी बघतो." आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, 'बघतो', 'करतो'.

पोर दिसायला नाजूक झाली. निमुळता चेहरा, टोकदार हनुवटी. शाळेतले मास्तर म्हणायचे, शहरातली वाटते. पारूला आभाळ ठेंगणं व्हायचं. पुढं दात आले ते मात्र एकावर एक चढून, सुळे तर वर हिरडीत, जत्रेत मागं राहिलेली माणसं पुढच्यांच्या खांद्यावरून बघतात तसे. पारूनं ते फार मनावर घेतलं नाही. जोयड्याचं हॉस्टेल झालं, मग दांडेलीचं कॉलेज. तिथंही तेच मऊ, इडली आणि सांबारभात. पोर हुशार निघाली. बोलायला हळू, आईचा शब्द खाली न पडू देणारी.

गेल्या जानेवारीत रक्षिता सुट्टीला घरी आली होती तेव्हाच कुंभारवाड्याच्या शाळेत दातांचं शिबिर भरलं. शहरातल्या दातांच्या कॉलेजातून डॉक्टर आलेले. त्यांच्यात राजेश्वरी नावाची तरणी डॉक्टरीण होती, ती रोग बघायला कमी आणि जबडे मोजायला जास्त आली होती. डोंगरातल्या म्हाताऱ्यांचे आणि त्यांच्या नातवंडांचे जबडे ती मापत होती. पारूचं तोंड उघडून बघितलं आणि ती बाई खुळ्यासारखी हसायलाच लागली. "मावशी, असे दात मी फक्त कवट्यांच्या कपाटात बघितलेत!" म्हणाली.

तिनं टेबलावर तीन कवट्या मांडल्या होत्या. खऱ्या नव्हेत, साच्यातून काढलेल्या. लोक लांबूनच बघत होते, पारू मात्र सरळ जवळ गेली. पहिली कवटी लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाची. जबडा भला मोठा, दाढा बोटाच्या पेरासारख्या. दुसरी शिकार करून, मुळं खणून जगणाऱ्या माणसाची, तिसरी आजची. पारूनं दुसऱ्या कवटीच्या जबड्यावरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाली, "ह्यो तर आमचा आजा!" सगळी शाळा हसली. तीही हसली.

राजेश्वरीनं मग मराठी-कानडी मिसळून समजावलं. माणूस आधी कच्चं खायचा, दिवसाचे कितीतरी तास चावण्यातच जायचे. मग दगडानं ठेचायला शिकला, विस्तव सापडला, शिजवायला लागला. अन्न मऊ झालं तसा पिढ्यान्‌पिढ्या जबडा आणि दाढा लहान होत गेल्या. शेती आली, दळण आलं, आता तर गिरणीचा मैदा आणि पाव. "दात केवढे येणार हे बरंचसं आईबापाकडून ठरून येतं," ती म्हणाली, "पण जबड्याचं हाड किती वाढणार ते लहानपणी किती चावलं यावरही असतं, असं आम्हांला वाटतं. हाडाला काम मिळालं तर ते वाढतं. नाही मिळालं तर आखूड राहतं. दात मात्र तेवढेच येतात. मग शेवटच्या दाढेला जागाच उरत नाही."

"पूर्वी ह्याला हजारो वर्षं लागली," तिनं पारूकडं आणि रक्षिताकडं आळीपाळीनं बघितलं, "तुमच्या घरात एका पिढीत झालंय."

बाईनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण पारूच्या काळजात ते रुतलं. जे ती लेकीचं रूप समजत होती ती तर उपासमार निघाली. पोटाची नव्हे, हाडाची.

मग राजेश्वरीनं रक्षिताचं तोंड तपासलं आणि तिचं हसू गेलं. डावीकडची खालची अक्कलदाढ आडवी होती, पुढच्या दाढेत घुसलेली, वर हिरडीचा पदर सुजलेला. "ही वर येणारच नाही," ती म्हणाली. "कापून काढावी लागेल. पुढच्या बुधवारी आमच्याकडं घेऊन या, मी पत्र देते, पैसे लागणार नाहीत. तोवर मिठाच्या पाण्यानं गुळण्या, ह्या गोळ्या, आणि त्या बाजूनं काहीही कडक चावायचं नाही."

"चावलं की जबडा वाढतो म्हणालीस न्हवं?" पारूनं विचारलं.

"लहानपणी, मावशी. आता हिचं हाड वाढून झालं. आता चावून जागा होणार नाही."

आता हे पारूनं ऐकलं नाही असं नाही. स्पष्ट ऐकलं. पण माणूस मोठं चमत्कारिक असतं. जे पाहिजे तेवढं पदरात बांधतं आणि उरलेलं रस्त्यात सांडून येतं. वाडीकडं चालताना तिच्या डोक्यात एकच घुमत राहिलं: मी मऊ घातलं म्हणून हाड आखूड राहिलं. मग आता मीच कडक घालीन. एकोणीस वर्षांची तर पोर, आणि तिचं हाड म्हणे वाढून झालं! आमच्या हाडांचं त्या डॉक्टरणीला काय ठाऊक? आणि दाढ कापून काढायची? आमच्या घरात? माझी आई सरणावर गेली ती बत्तीस दात घेऊन.

महाबळेश्वर तेव्हा घरी नव्हता. अणशीच्या बाजूला जाळरेषा काढायच्या कामावर गेला होता. रानातली आग पसरू नये म्हणून गवत कापून पट्टा मोकळा करायचा, आठ-आठ दिवस तिकडंच राहायचं. घरात मायलेकी दोघीच.

शिबिराच्याच दिवशी, बुधवारी संध्याकाळी पारूनं माळ्यावरून कोनाचा तुकडा काढला.

"आये, नको," रक्षिता म्हणाली. "डॉक्टर न्हाई म्हणाल्या. आडवी हाय ती. जागाच न्हाई तिथं."

"जागा आपुन करायची."

"एका आठवड्याचा तर प्रश्न हाय. पुढच्या बुधवारी जाऊन काढून टाकूया."

"काढून टाकायला काय पायातला काटा हाय?" पारू बसली तिच्याजवळ. डोक्यावरून हात फिरवला. "बाय माझे, तुला मी लहानपणी चावू दिलं न्हाई. चुकलं माझं. आता तेवढं भरून काढू दे मला. आईवर भरवसा न्हाई व्हय तुझा?"

या प्रश्नावर कुठली पोर काय बोलेल? रक्षितानं तुकडा घेतला.

गुरुवारी गाल फुगला. पारूला उलट धीर आला. सुजणारच! सुजल्याबिगर फुटतं का? आजवर चाळीस दाढा तिच्या हाताखालून गेल्या होत्या, सगळ्या आधी सुजल्याच होत्या. रक्षिता नको म्हणाली. पारूनं तिला समजावलं, दटावलं, शेवटी तिच्या समोर बसून आपणही तसलाच तुकडा तोंडात घातला आणि कडाकडा चावून दाखवला. लेकीनं शिबिरातली दुखण्याची गोळी घेतली आणि चावलं. गोळीनं दुखणं बोथट झालं, तेवढं बळ आलं, एवढाच त्या गोळीचा उपयोग.

शुक्रवारी तिला ताप चढला. तोंड नीट उघडेना, दोन बोटं जेमतेम जातील एवढंच. सोनिया ताक घेऊन आली होती. पोरीचं तोंड बघून तिनं कपाळाला हात लावून बघितला. "आक्का, हे काय बरं दिसत न्हाई. दवाखान्यात न्या."

"तुझी दाढ कुठल्या डाक्टरानं काढली गं?" पारू फिसकारली. "ह्याच दारात बोंबलत बसली व्हतीस. इसरलीस?"

खरंच होतं ते. ताकाचा तांब्या ठेवून सोनिया गेली.

त्या दुपारी रक्षिता पुन्हा नको म्हणाली. आता तिचा आवाज जड झाला होता, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. पारूनं कोन विळीवर बारीक केला आणि एकेक कपची बोटानं आत सरकवली, तिच्या लहानपणी भरवायची तशी. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. आतून हिरडी फाटली, तोंडात रक्त आलं. पारू देवासमोर दिवा लावून आली. वाट झाली म्हणाली.

पण वर काही आलं नाही. कुठून येणार? दाढ आडवी पडलेली, समोर दुसऱ्या दाढेची भिंत. आजवरच्या चाळीसही दाढा उभ्या होत्या, रुंद जबड्यांतल्या होत्या. हिरडीचा तेवढा अडसर निघाला की त्या आपोआप वर यायच्या. इथं फाटलेल्या हिरडीत कोनाचा चोथा अडकला, आत पू होता तो वर निघायच्या ऐवजी खाली उतरला. हे सगळं पुढं कारवारच्या डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा पारूला कळलं, नीट कळलं, आणि कळून उपयोग नव्हता.

शनिवारी सूज गालावरून हनुवटीखाली आली. गळा फळीसारखा कडक. तरी सकाळी पारूनं एक कपची सरकवून बघितलीच. रक्षितानं मान हलवली, नको. तोंड उघडेना म्हणून ती कपची ओठातच राहिली. मग मात्र पारू घाबरली. सोनियाला हाक मारायला अंगणात धावली.

तेवढ्यात महाबळेश्वर आला. एक दिवस आधी काम संपलं म्हणून खुशीत आला होता, हातात रानातला मध. दारातूनच लेकीकडं बघितलं आणि मध खाली ठेवायचं भान राहिलं नाही, भांडं सुटून सांडलं. त्यानं पोरीला पाठीवर घेतलं आणि तासाची वाट अर्ध्या तासात उतरला. पारू मागून पळत होती. रस्त्यावर एका ओळखीच्याची पिकअप मिळाली. बसची वाट बघत बसले असते तर दुपार झाली असती. अणशीचा घाट उतरताना रक्षिताला आडवं पडवेना. आडवी झाली की श्वास कोंडायचा, जीभ वर उचलून टाळ्याला लागलेली, लाळ गळायची. पारू तिला छातीशी टेकवून बसली आणि वळणावळणावर म्हणत राहिली, "आलं बाय, कारवार आलं."

कारवारच्या दवाखान्यात त्यांनी लगेच आत घेतलं. गळ्याला भोक पाडून नळी घातली, हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला. डॉक्टर म्हणाला, विष रक्तात गेलंय. दोन दिवस आधी आणायला हवं होतं. महाबळेश्वर हात जोडून उभा राहिला. दुसरं त्याला काही सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी पोर शुद्धीवर आली. नळीमुळं बोलता येत नव्हतं. डॉक्टर खाटेजवळ उभा होता, पलीकडं बाप, पायथ्याशी पारू. डॉक्टरनं विचारलं, "आत हिरडी सगळी फाटलेली आहे. चोथा निघाला. सुजलेली असताना कडक काही चावायला कुणी दिलं हिला?"

पारूनं जबड्यावर पदर ओढला.

रक्षितानं हातानं खूण केली, कागद मागितला. केशर नावाची सिस्टर होती, तिनं खाली पुठ्ठा लावून कागद आणि पेन दिलं. पोरीनं हळूहळू दोन ओळी लिहिल्या. कानडीत. पारूला लिहिता-वाचता येत नाही, कानडी ना मराठी. ती नुसती त्या हलणाऱ्या पेनाकडं बघत राहिली. केशरनं कागद उचलला, वाचला, आणि मोठ्यानं मराठीत सांगितला.

"मीच चावत होते, म्हणते. आई नको म्हणत होती."

महाबळेश्वरनं कपाळावर हात मारला. "काय गं हे पोरी!" म्हणाला. डॉक्टर काहीतरी पुटपुटून पुढच्या खाटेकडं गेला. रक्षिता आईकडं बघत होती, टक लावून. आणि पारू गप्प बसली. भीतीनं म्हणा, लाजेनं म्हणा. 'न्हाई हो, मी' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तेवढंही बत्तीस दातांच्या त्या तोंडातून बाहेर पडलं नाही.

सोमवारी दुपारी दोन वाजता रक्षिता गेली.

दहाव्या दिवशी वाडीतली, शेजारच्या वाड्यांतली माणसं जमली होती. नागराज गोव्याहून आलेला. विधी आटोपून पुरुष अंगणात बसले, बाया पडवीत. नऊ दिवस पारूचे पाय जमिनीला लागू दिले नव्हते कुणी. कुणी पेज करून आणत होतं, कुणी डोक्याला तेल लावत होतं. "पारूआक्का, तू तर सांगितलं व्हतंस गं तिला," जी ती म्हणायची. "आताच्या पोरी आयकतात कुठं?" पारू ती पेज गिळायची. चावायला त्यात काही नव्हतंच. सोनिया सगळं ऐकत कोपऱ्यात बसून असायची. तिनं डोळ्यांनी बघितलेलं, पण आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार काय?

आणि महाबळेश्वर नऊ दिवसांत लेकीचं नावही घेत नव्हता. रडतही नव्हता. रागावला होता तो तिच्यावर. मेलेल्या पोरीवर रागावला होता.

अंगणात कुणीतरी म्हातारा म्हणाला, "शिकली-सवरली व्हती, पण आईबापाचं आयकायचं शिकली न्हाई."

"न्हाईच शिकली," महाबळेश्वर म्हणाला. तोंड कडू करून म्हणाला. "डाक्टर नको म्हणाली, आई नको म्हणाली. हट्टानं जीव दिला तिनं. आमाला असं बसवलं. तिच्यासाठी काय रडायचं?"

पारू पडवीतून उठली. बाया "बस गं, बस गं" म्हणत राहिल्या. ती अंगणात उतरली, पुरुषांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. डोईवरचा पदर सरकला होता, तो तिनं सावरला नाही.

"तिला काय बोलू नगा," ती म्हणाली. "तिनं खोटं लिवलं. मी चावायला लावलं. ह्या हातानं."

नागराज उभा राहिला आणि पुन्हा बसला. पडवीत सोनियाला हुंदका फुटला. महाबळेश्वर बायकोकडं बघत राहिला. तो ओरडेल असं वाटलं लोकांना, अंगावर धावून जाईल असं वाटलं. तसं काही झालं नाही. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं अगदी हळू विचारलं.

"ती नको म्हणाली व्हती?"

"म्हणाली व्हती," पारू म्हणाली. "रोज म्हणाली."